सॅमनचे प्लग तापीच्या पाण्यात: छोट्या होडीवाल्यांनी कोणते घ्यावेत आणि कोणते सोडावेत

होडीमागे प्लग ओढून शिवडा (मिशांचा शिकारी मासा) पकडायचा म्हटलं आणि ऑनलाइन शोध घेतला, की समोर येतो तो बहुतेक सगळा सॅमनसाठी बनलेला माल. मोठी चित्रं, चकचकीत रंग, खाली इंग्रजीत वेग आणि खोलीचे आकडे. हतनूरच्या फुगवट्यात, गिरणेवर किंवा नवापूरकडच्या उकाईच्या पाण्यात यातलं काय चालतं आणि काय नुसतं डब्यात पडून राहतं, त्याचा हा आढावा. निवाडा आधीच सांगून टाकतो: प्लग घेताना मासा नंतर बघा, आधी आपल्या होडीचा वेग बघा. वल्ह्याच्या होडीला आणि बॅटरीच्या मोटरला एक प्लग लागतो, पेट्रोलच्या इंजिनला दुसरा. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

नवख्यांसाठी दोन ओळी. प्लग म्हणजे टणक अंगाची नकली मासोळी. प्लास्टिकची, फोमची किंवा हलक्या लाकडाची. होडी चालू लागली की पाण्याच्या दाबाने ती अंग हलवते आणि काही जाती खालीही जातात. अमेरिका आणि कॅनडाच्या प्रशांत किनाऱ्यावर चिनूक आणि कोहो या सॅमनच्या जाती पकडायला हे प्रकार पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. तिथे मासा थंड पाण्यात बराच खोल असतो, म्हणून प्लग तारेला बांधलेल्या चार-पाच किलोच्या गोळ्याने खाली नेतात. त्या यंत्राला डाउनरिगर म्हणतात. आपल्याकडे ते घेऊ नका. बुडालेल्या बाभळींत आणि जुन्या गावांच्या भिंतींत गोळा एकदा अडकला, की छोट्या होडीचं तोंडच फिरतं.

बाजारात तीन घडणी मिळतात: लांब ओठाचा मिनो, केळ्याच्या आकाराचा वाकडा प्लग आणि तिरक्या कापलेल्या डोक्याचा जे-प्लग.

लांब ओठाचा मिनो

एकच प्लग घ्यायचा असेल तर हा घ्या. तोंडाखाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते. तिलाच ओठ म्हणतात. ओठ जितका लांब आणि आडवा, तितका प्लग खोल जातो. ओठ आखूड आणि उभा असेल तर तो पाण्याच्या वरच्या थरातच राहतो.

या जातीत सगळ्यांना माहीत असलेलं नाव रापाला. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 साली बुचाच्या लाकडातून पहिला प्लग कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. पैयान्ने सरोवरावर ते स्वतः होडी वल्हवत गळ ओढायचे. म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती छोट्या, संथ होडीसाठी. आज त्यांच्या एक्स-रॅप मॅग्नम मालिकेत 10, 15, 20, 30 आणि 40 असे आकडे असतात, आणि आकडा म्हणजे ओढताना प्लग किती फूट खाली जाईल ते. हा हिशोब सोपा आहे आणि खरेदीला फार उपयोगी पडतो. 10 म्हणजे तीन मीटर, 20 म्हणजे सहा. तेरा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी चोवीस किलोमीटरपर्यंत, हा प्लग सरळ चालतो असं कंपनी सांगते. आपल्याला त्याच्या चौथाईचीही गरज नाही, पण इंजिनवाल्याला एवढं कळतं की होडीचा वेग वरखाली झाला तरी प्लग उलटणार नाही.

कोणता आकडा कुठे? हतनूरला गाळ फार. पूर्णा आणि तापी चांगदेवला मिळतात, तिथून खाली पाणी पसरट आहे. 10 पेक्षा मोठा प्लग तिथे तळ नांगरत जातो. ओठ गाळात घुसला की रॉडच्या टोकाची थरथर जड आणि बोथट होते, आणि वर काढाल तर गळांना काळा चिखल आणि कुजलेली पानं. गिरणेवर धरण भरलेलं असेल तर 15 आणि 20 दोन्ही चालतात. अक्कलकुवा आणि धडगावच्या बाजूला सरदार सरोवराचा फुगवटा आहे. तिथे काठ एकदम उतरतो, म्हणून 20 आणि 30 बरोबर ठेवा. 40 कोणीही घेऊ नका. त्याची ओढ एवढी असते की साधा सात फुटी रॉड सतत वाकलेला राहतो आणि मासा लागला तरी पटकन कळत नाही.

डब्यावरची खोली मात्र डोळे झाकून मानू नका. ती ठरावीक जाडीच्या दोऱ्यावर आणि ठरावीक लांबीवर मोजलेली असते. जाड तंगूस पाण्यात जास्त अडतो आणि प्लगला वर ओढून धरतो. 0.40 मिलिमीटरच्या तंगुसाऐवजी 0.28 चा विणलेला दोरा लावला, तर तोच प्लग मीटरभर आणखी खाली जाऊ शकतो. दोरा पंचवीस ते पस्तीस मीटर सोडला की बहुतेक मिनो आपल्या ठरलेल्या खोलीला पोचतात. त्यापुढे नुसता दोरा वाढतो, खोली फारशी वाढत नाही, आणि शंभर मीटर मागे असलेला प्लग कुणाच्या जाळ्यात जाऊन बसला ते तुम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. लाइन काउंटरचं रीळ नसेल तर दर दहा मीटरवर दोऱ्याला पक्क्या मार्करने खूण करा: एक पट्टा, दोन पट्टे, तीन पट्टे. खूण दोन-चार फेऱ्यांत पुसट होते, तेव्हा पुन्हा मारा.

तरंगणारा मिनोच घ्या. डब्यावर ‘फ्लोटिंग’ लिहिलेलं असतं. आपल्या धरणांत हा मुद्दा रंगापेक्षा मोठा आहे. ओठ झाडाला लागला की ओढू नका. इंजिन न्यूट्रल करा, रॉडचं टोक खाली घ्या आणि दोरा दोन-तीन मीटर ढिला सोडा. प्लग मागे सरकत वर येतो आणि दहापैकी बरेचदा स्वतःच सुटतो. बुडणाऱ्या जातीत ही सोय नाही. त्याच कंपनीचा काउंटडाउन दर सेकंदाला साधारण फूटभर बुडतो. काठावरून फेकायला तो उत्तम, पण झाडांच्या पाण्यात होडी थांबली की तो थेट फांद्यांत जाऊन बसतो.

केळ्या

दुसरा प्रकार फ्लॅटफिश आणि त्याचाच भाऊ क्विकफिश. ओठ वेगळा नाही, सगळं अंगच वाकलेलं. रावेर-यावलच्या माणसाला हा आकार समजावून सांगायची गरज नाही, बागेतल्या केळ्यासारखा. म्हणून पुढे त्याला ‘केळ्या’च म्हणतो. चार्ल्स हेलिन या अमेरिकन माणसाने 1933 साली फ्लॅटफिश काढला. सॅमनवाले क्विकफिशचे के-15 आणि के-16 हे मोठे आकार नदीत वापरतात. होडीचं तोंड प्रवाहाकडे ठेवतात, इंजिन प्रवाहापेक्षा किंचित हळू चालवतात, म्हणजे होडी हळूहळू मागे घसरते आणि प्लग माशाच्या तोंडासमोर येतो.

याची चाल मिनोपेक्षा एकदम वेगळी. मिनो बारीक थरथरतो, केळ्या रुंद डोलतो. रॉडचं टोक ठक-ठक-ठक असं मोजता येईल इतकं सावकाश हलतं. ताशी दोन ते तीन किलोमीटरला तो सगळ्यात छान चालतो. साडेतीनच्या पुढे गेलात की आधी अंगावर आडवा पडतो आणि मग गोल फिरायला लागतो. फिरायला लागला की दोऱ्याला पीळ, आणि तो पीळ घरी बसून काढताना संध्याकाळ जाते. ऑनलाइन अभिप्रायांत ‘प्लग खराब निघाला, नुसता फिरतो’ अशी तक्रार दिसते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या होडीला इंजिन असावं. हलकी होडी आणि पाच हॉर्सपॉवरचं इंजिन असेल, तर मंदात मंद ठेवलं तरी वेग चारच्या खाली येणं कठीण असतं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. दहा लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या घ्या, बुडाला बोटभर रुंदीची चार-चार भोकं पाडा आणि होडीच्या दोन्ही कडांना मध्यभागी, दोरीने दीड मीटर मागे ओढत ठेवा. वेग एक-दीड किलोमीटरने उतरतो. बादलीचा कडीचा भाग आधी तारेने पक्का करा, नाहीतर कडी निघून बादली इंजिनच्या पंख्याकडे जाते. एकाच बाजूला बादली लावली तर होडी सतत त्या बाजूला वळते, म्हणून दोन.

वल्ह्याच्या होडीला आणि बॅटरीच्या मोटरला मात्र केळ्या म्हणजे घरचा प्लग. वल्ह्याचा प्रत्येक फटका प्लगला थोडा पुढे ढकलतो, दोन फटक्यांच्या मधे तो दम घेतो. शिवडा नेमका त्या दम घेण्यात तोंड घालतो. बॅटरीवाल्यांसाठी हिशोब असा: 12 व्होल्टची 55 पौंडी मोटर पूर्ण वेगात साधारण 50 अँपिअर खाते. 100 एएचची (अँपिअर-तासांची) लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम तास. त्याच मोटरला 15 अँपिअरवर ठेवलं तर तीन तासांवर चालते, आणि त्या वेगात केळ्याच ओढायचा असतो. मिनो सतत ओढायला बॅटरी पुरत नाही, केळ्याला पुरते.

सॅमनवाल्यांकडून उचलायची खरी गोष्ट म्हणजे केळ्याच्या पोटाला ताज्या सार्डिनची फीत बांधण्याची पद्धत. चिनूकसाठी ते हे वासासाठी करतात. आपल्या गढूळ पाण्यात ती आणखी जास्त शोभते, कारण आपला शिवडा (मध्य प्रदेशाकडून आलेले त्याला पढीन म्हणतात) आणि शिंगाळा हे मिशांवर आणि वासावर शिकार करणारे मासे आहेत. कृती अशी. धारदार सुरीने माशाच्या बाजूची फीत काढा, कातडीसकट, मांस दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. लांबी प्लगच्या निम्म्याहून कमी ठेवा. फीत पोटाच्या बरोबर मधोमध. रबरासारखा ताणणारा बारीक दोरा दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळा, पोटावरच्या गळाच्या पुढे आणि मागे. फीत बोटभर एका बाजूला सरकली तरी प्लग तिकडेच पळतो. मांस जाड राहिलं तर डोलणं मरतं. होडीजवळ ओढून बघा. ठक-ठक सुरू असेल तरच मागे सोडा. फीत अर्ध्या-पाऊण तासाने पांढरी आणि बेचव होते, तेव्हा बदला.

दोष? केळ्या खोल जात नाही. नुसता ओढला तर दीड-दोन मीटर, मोठा असेल तर थोडा जास्त. त्याच्या पुढे दीड मीटरवर 40 ते 60 ग्रॅमचं लांबट शिसं लावलं तर चार मीटरपर्यंत नेता येतो. शिशाच्या दोन्ही टोकांना चांगली स्विव्हल, म्हणजे पीळ काढणारी फिरती कडी, हवी. आणि जलपर्णीच्या पट्ट्यात केळ्या नकोच. त्याचे गळ बाहेर लोंबतात आणि पहिल्याच झुबक्याला बसतात.

जे-प्लग: सोडून द्या

याची कल्पना हुशार आहे. दोरा प्लगच्या अंगातून आरपार जातो आणि खाली गळाला बांधतात. मासा लागला की अंग दोऱ्यावर वर सरकतं, माशाच्या तोंडाशी फक्त गळ उरतो, त्यामुळे डोकं झटकणाऱ्या सॅमनला प्लगच्या वजनाचा आधार घेऊन गळ उखडता येत नाही. समुद्रात आणि अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवर हा फार चालतो.

आपल्याकडे अडचण अशी की तो डाउनरिगरच्या भरवशावर बनलाय. एकट्याने तो वरच्या थरातच राहतो. आणि झाडात अडकला तर अंग वर सरकतं, पण गळ तसाच फांदीत राहतो, म्हणजे दोरा ढिला सोडून प्लगला वर तरंगू द्यायची युक्ती इथे चालतच नाही. दिसायला तिन्हींत देखणा हाच. शोकेससाठी घ्यायचा असेल तर घ्या.

स्वस्त संचाचं काय?

सहा-आठ प्लगचा संच एका नावाजलेल्या प्लगच्या किमतीत मिळतो. नावाचा प्लग महाग पडतो, त्यामुळे मोह होणारच. सरसकट टाकाऊ म्हणणं बरोबर नाही. या संचांतली अंगं बरेचदा ठीक असतात, मार खातात ती कड्या आणि गळ. घरी आल्यावर तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट सांधा. प्लग रात्रभर बादलीत दाबून बुडवून ठेवा. आधी आणि नंतर वजन करा. जळगावात सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्याला तोटा नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा कुठलाही चालेल. पुसून कोरडा केल्यावरही अर्धा ग्रॅम वाढला असेल तर पाणी आत जातं. पोकळ अंगात पाणी शिरलं की प्लग शेपटीवर बसतो आणि चाल जाते. सांध्यावर बारीक काडीने अ‍ॅराल्डाइट फिरवा, चोवीस तास वाळू द्या आणि पुन्हा बुडवा. दुसऱ्यांदाही गळला तर टाकून द्या.

दुसरी गोष्ट गोल कडी, म्हणजे स्प्लिट रिंग. नखाने उघडते ती कडी शिवड्यासाठी नाही. प्लायर लागलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट गळ. लाकडाच्या फळीत टोक रुतवा आणि कडीला दोरा बांधून भाजीच्या लोंबत्या काट्याने तीन किलोपर्यंत ओढा. वाकला तर बदला. तिहेरी गळाऐवजी प्रत्येक कडीला एकेरी गळ लावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅमनला टोकामागचा उलटा काटा नसलेला गळ कायद्यानेच लागतो, आणि तरीही तिथे मासे मिळतात. एकेरी गळ जलपर्णीत कमी अडकतो, जाळ्यात कमी अडकतो आणि हातात घुसला तर निघतो. फक्त वजनाची काळजी घ्या: काढलेले गळ आणि घातलेले गळ यांत ग्रॅमभरापेक्षा जास्त फरक पडला तर तरंगणारा मिनो बुडणारा होऊन बसतो. पोटाच्या गळाचं टोक पुढे आणि शेपटीच्या गळाचं टोक वर ठेवा.

आता मेचं ऊन. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त. पोकळ प्लगमधली हवा फुगते आणि सांधे तडकतात. मऊ रबरी आमिषं त्याच डब्यात असली तर रंग चिकट होऊन एकमेकांना लागतो. नावाचा असो की संचातला, हा नियम सगळ्यांना सारखा. डबा सावलीत ठेवा, रबरी माल वेगळा.

सरळ चालला पाहिजे

नवा कोरा, महागडा प्लगसुद्धा एका बाजूला पळू शकतो. पाण्यात सोडायच्या आधी होडीच्या कडेने, रॉडभर दोऱ्यावर, दहा-वीस मीटर चालवून बघा. सरळ रेषेत आणि पाठ वर ठेवून चालला पाहिजे. नसेल तर नाकावरची दोरा बांधायची कडी वळवायची असते, आणि इथे लोक हमखास उलटं करतात. प्लगचं तोंड आपल्याकडे करून हातात धरा. ओढताना तो तुमच्या डावीकडे पळत होता तर कडी तुमच्या उजव्या हाताकडे वळवा. ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला कडी. किती? डोळ्याला जेमतेम दिसेल इतकी, अर्धा मिलिमीटर. टोकदार नाकाच्या प्लायरने हलकेच दाबा, पुन्हा चालवा, पुन्हा बघा. एकदम जोर लावला की कडी मुळातून हलते आणि तिथून पाणी शिरतं. कडी गोल पिळायची नाही, फक्त कलती करायची.

दोरा कडीला घट्ट गाठीने आवळू नका. सैल फासाची गाठ मारा किंवा गोल नाकाची छोटी क्लिप लावा. जाड स्विव्हल थेट प्लगच्या नाकाला लावली तर चाल निम्मी होते. ती मीटरभर मागे, मुख्य दोरा आणि पुढच्या जाड तंगुसाच्या मधे हवी. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांची पट्टी असते, कानसच म्हणा. दोरा एका झटक्यात तुटत नाही, घासून घासून जातो. 0.70 मिलिमीटरचा मीटरभर तंगूस पुरतो, पोलादी तार लागत नाही. प्रत्येक माशानंतर बोटांमधून तो ओढून बघा. खरबरीत लागला की कापून नवा बांधा.

पाण्यावर

दोनच रॉड. छोट्या होडीत तिसरा म्हणजे गुंता. खोल जाणारा प्लग जवळ, पंचवीस मीटरवर. उथळ चालणारा लांब, चाळीसवर. उलटं केलंत तर वळणावर दोन्ही एकमेकांत जातात. वळण मोठं घ्या. वळताना आतल्या बाजूचा प्लग मंद होतो, बाहेरचा जोरात जातो. मासा आतल्या रॉडला लागला तर आपण आधी जास्त जोरात चाललो होतो असं समजा आणि वेग उतरवा. बाहेरच्याला लागला तर वाढवा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, पण तो जमिनीच्या हिशोबाने असतो. धरणाच्या स्थिर पाण्यात फरक पडत नाही. पावसाळ्यानंतर चांगदेवच्या वरच्या अंगाला किंवा प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजांच्या मागे पाणी वाहतं असेल तर रॉडच्या टोकावर भरवसा ठेवा, फोनवर नाही.

टोक सारखं, एका तालात थरथरायला हवं. ताल थांबला म्हणजे गळाला कचरा लागला. मिनिटभरही वाट बघू नका, आत घ्या. कचरा घेऊन तासभर फिरणारे पुष्कळ आहेत.

ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाईवर बांधा. तीस पौंडी, म्हणजे साडेतेरा किलोच्या दोऱ्याला तीन-साडेतीन किलो. हे बोटाने नाही, वजनकाट्याने मोजा. मासा लागला की झटका मारू नका. होडीच्या चालीनेच गळ बसतो. झटक्याने उलट तोंड फाटतं.

खोलीबद्दल एक गैरसमज. एप्रिल-मेमध्ये ‘ऊन आहे, मासा तळाला गेला’ म्हणत लोक खोल प्लग लावतात. खोल धरणांत उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं थंड पाणी मिसळत नाही, आणि खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो. मासा तिथे थांबत नाही. नर्मदेच्या फुगवट्यात किंवा गिरणेवर उन्हाळ्यात चार ते सहा मीटर पुरे. हतनूरसारख्या पसरट पाण्यात वारा सगळं ढवळतो, तिथे हा प्रश्न येत नाही. मात्र उन्हाळ्याचा एक मोठा उपयोग आहे: पाणी उतरलं की बुडालेली झाडं, विहिरींचे कठडे, जुने रस्ते उघडे पडतात. फोनच्या नकाशावर त्यांच्या खुणा करून ठेवा. धरण भरल्यावर प्लग कुठून ओढायचा आणि कुठून नाही, ते त्यावरून ठरतं.

जाळी हा सगळ्यात नाजूक विषय. धरणांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी आणि पावती घेतल्याशिवाय पाण्यात उतरूच नका. जाळी संध्याकाळी लावतात आणि सकाळी उचलतात, थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या हीच त्यांची खूण. पहाटे जाळी उचलायच्या आधी प्लग ओढत सुटलात तर दुसऱ्याच्या भाकरीत गळ घालताय. काठावर विचारा, ‘दादा, जाळं कोणत्या अंगाला टाकलंय?’ लोक सांगतात. प्लग जाळ्यात गेलाच तर दोरा कापा, जाळं कापू नका. तिथे आणखी एक माहिती आपोआप मिळते: संस्थेने त्या पाण्यात नुसतं कटला, रोहू आणि मृगळाचं बीज सोडलंय का, आणि शिवडा जाळ्यात येतो का. कटला सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू-मृगळ तळातलं आणि वनस्पतींचं खातात. त्यांना प्लगशी देणंघेणं नाही. मरळ प्लग घेते, पण ती काठच्या गवतात बसते. तिच्यासाठी होडीमागे काही ओढण्यापेक्षा बेडूक फेका. शिवडा पकडून नेण्याबद्दल संस्थावाल्यांची तक्रार क्वचित असते, कारण तो त्यांचं बीजच खातो. नर्मदेच्या बाजूला महाशीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या, आणि त्यासाठीही एकेरी, उलटा काटा दाबलेला गळच बरा.

लाइफ जॅकेट घालून बसा, खाली ठेवून नाही. इंजिनची किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला. दुपारचा वारा उठला की हतनूरचं पसरट पाणी लगेच उसळतं. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाजांकडे जाऊ नका.

रंगांवर फार लिहिण्यासारखं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तापीचं पाणी लालसर गढूळ असतं, तेव्हा पिवळा-हिरवा-नारिंगी आणि आत खुळखुळणाऱ्या गोळ्या असलेला प्लग. जानेवारी ते मार्च पाणी निवळतं, तेव्हा चांदी आणि काळी पाठ, छोट्या चिलव्यासारखा. या दोनांपलीकडचे रंग माणसांना पकडायला असतात. वल्ही किंवा बॅटरी असेल तर या दोन रंगांत दोन केळ्ये आणि 10 नंबरचा एक मिनो घ्या. इंजिन असेल तर 10 आणि 20 चे मिनो दोन-दोन, केळ्या बादल्या बनवून झाल्यावर. उरलेले पैसे चांगल्या कड्यांवर आणि एकेरी गळांवर घाला.